कोपरे नसलेला गोठा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या टेकड्यांमध्ये पिट्सफील्ड नावाचं शहर आहे. तिथून न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीकडे निघालं की काही मैलांवर, हॅनकॉक इथे रस्त्यालगतच एक गोल दगडी इमारत दिसते. लांबून पाहिली तर पडून गेलेल्या किल्ल्याचा एकटाच मागे उरलेला बुरूज वाटावी. भिंतीचा घेर २७० फूट, उंची २१ फूट, जाडी कुठे अडीच फूट तर कुठे साडेतीन. पण या भिंतीआड दारूगोळा कधी साठवला गेला नाही. तिथे बावन्न गायी बांधलेल्या असत. १८२६ साली बांधलेला हा गोठा आहे.

तो बांधणाऱ्यांना जग ‘शेकर’ म्हणून ओळखतं. त्यांच्यापैकी कुणाच्या नावावर एक एकर जमीन नव्हती की एक गाय नव्हती. लग्नाला पंथात मनाईच होती, त्यामुळे पोटच्या वारसांसाठी काही ठेवून जाण्याचाही प्रश्न नव्हता. अशा माणसांनी पिढ्यानपिढ्या टिकेल अशी भिंत घालावी, आणि तीही गुरांसाठी, याचं कोडं त्या काळातल्या पाहुण्यांनाही पडत असे. त्याचं उत्तर थोडं त्यांच्या श्रद्धेत आहे, थोडं न्यू इंग्लंडच्या शेतीत, आणि बरंचसं गवतात.

आधी श्रद्धेबद्दल. ॲन ली ही मँचेस्टरमधल्या एका लोहाराची मुलगी, जन्म १७३६ चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. लहानपणापासून कापडाच्या धंद्यात राबलेली. लग्न झालं, चार मुलं झाली, आणि चारही लहानपणीच गेली. तिकडच्या एका छोट्या भक्तमंडळीत ती ओढली गेली. प्रार्थनेच्या भरात हे लोक थरथरत, नाचत, ओरडत. त्यावरून त्यांना ‘थरथरणारे’ म्हणजे शेकर हे टिंगलीचं नाव पडलं, आणि पुढे त्यांनीच ते आपलं मानलं. तुरुंगात असताना ॲनला साक्षात्कार झाला, की माणसाच्या सगळ्या पापांचं मूळ शरीरसंबंधात आहे. चार बाळं पुरलेल्या बाईला हे पटावं, यात समजायला अवघड असं काही नाही.

१७७४ मध्ये ती आठ अनुयायांना घेऊन न्यूयॉर्कला उतरली आणि ऑल्बनीजवळच्या दलदलीच्या रानात या मंडळींनी वस्ती केली. पहिली काही वर्षं त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग १९ मे १७८० या दिवशी न्यू इंग्लंडवर भरदिवसा अंधार पसरला. जंगलातल्या वणव्यांच्या धुराने सूर्य झाकला होता, पण दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागलेल्या लोकांना जगबुडी आल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला शेकरांनी आपली शिकवण उघडपणे सांगायला सुरुवात केली. इंग्लंडशी युद्ध चालू होतं आणि हे लोक शस्त्र हाती धरायला तयार नव्हते. साहजिकच ते इंग्रजांचे हेर ठरले आणि ॲनला पुन्हा तुरुंग घडला. सुटल्यावर ती मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या गावांतून दोन वर्षं हिंडली. अनेक ठिकाणी जमावाने मारहाण केली. १७८४ मध्ये ती वारली तेव्हा मागे अनुयायी पुष्कळ होते, व्यवस्था मात्र काहीच नव्हती.

ती व्यवस्था जोसेफ मीचम आणि पिट्सफील्डचीच ल्यूसी राइट या दोघांनी बसवली. सगळी मालमत्ता सामाईक झाली. वस्त्यांचे ‘परिवार’ पाडले गेले. एकेका परिवारात शंभरच्या आसपास माणसं. त्यात रक्ताचं नातं गौण, सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहिणी. प्रत्येक परिवारावर दोन वडीलधारे पुरुष आणि दोन वडीलधाऱ्या बाया, अधिकार बरोबरीचा. अमेरिकेतल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं बाकी होती. हॅनकॉकची वस्ती १७९० मध्ये रीतसर उभी राहिली. गुडरिचसारख्या स्थानिक शेतकरी घराण्यांनी पंथ स्वीकारताना आपली शेतं आणली होती, त्यातून सलग जमीन तयार झाली. वस्तीचं पंथातलं नाव ‘शांतीनगर’ अशा अर्थाचं होतं. १८३० च्या दशकात, ऐन भरात, तिथे सुमारे तीनशे माणसं आणि तीन हजार एकर जमीन होती.

शेकरांच्या लेखी काम हीच उपासना होती. सुतारकाम असो की भाजीपाल्याचं बी निवडणं, हातातलं काम देव पाहतो आहे असं समजून करायचं. गंमत म्हणजे, अशा लोकांनी कष्टाला डोक्यावर बसवून घ्यायला हवं होतं. शेकरांनी उलट कष्ट वाचवण्याच्या युक्त्यांचा ध्यास घेतला. छोट्या कागदी पाकिटांतून भाजीचं बी विकण्याचा धंदा त्यांनी नावारूपाला आणला. अमेरिकेतल्या घराघरांत वापरला जाणारा चपटा झाडू त्यांच्यातल्याच एका भावाच्या नावावर सांगितला जातो. फुकट गेलेलं पाऊल त्यांना चैनीइतकंच गैर वाटे.

त्यात १८२० चं दशक न्यू इंग्लंडच्या शेतीला घुसळून काढणारं होतं. १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा झाला आणि पश्चिमेकडच्या सपाट, काळ्या जमिनींवरचा गहू स्वस्तात पूर्वेला येऊ लागला. बर्कशायरच्या खडकाळ उतारांवर त्याच्याशी टक्कर घेणं शक्य नव्हतं. तिथल्या शेतकऱ्यांचा कल मेंढ्या, गायी, लोणी आणि चीजकडे झुकत गेला. पिट्सफील्ड तर शेतीसुधारणेचं एक केंद्रच झालेलं होतं. एल्कना वॉटसन नावाच्या उद्योगी गृहस्थाने १८०७ मध्ये तिथल्या चौकात दोन मरीनो मेंढ्या लोकांना पाहायला उभ्या केल्या, आणि त्या गर्दीतून त्याला कृषी प्रदर्शन भरवण्याची कल्पना सुचली. अमेरिकेतल्या जिल्हा पातळीवरच्या शेतकी जत्रांची परंपरा इथूनच धरली जाते. शेकर जगापासून अलग राहत, पण डोळे मिटून राहत नसत. शेजारी काय चाललंय, हे त्यांना ठाऊक होतं.

गायी वाढवायच्या तर गवत हवं. या भागात हिवाळा लांबतो. जवळजवळ अर्धं वर्ष जनावर गोठ्यात उभं असतं. एका गायीला दिवसाला दहा किलो सुकं गवत धरलं, तरी बावन्न गायींना सहा महिन्यांसाठी नव्वद टनांहून जास्त लागतं. हे सगळं उन्हाळ्याच्या थोड्याशा कोरड्या दिवसांत कापायचं, वाळवायचं आणि पाऊस यायच्या आत छपराखाली आणायचं. वळवाच्या तोंडावर कडबा झाकण्याची धांदल ज्याने पाहिली आहे, त्याला त्या दिवसांची कल्पना येईल. ओलं गवत रचलं तर आतल्या आत तापतं, कुजतं आणि कधी पेटही घेतं.

त्या काळचा नेहमीचा गोठा म्हणजे लाकडी, चौकोनी खोका. गवताची गाडी आत न्यायची, ती रिकामी होईपर्यंत मागच्या गाड्या उन्हात ताटकळत ठेवायच्या. वर फेकलेलं गवत मग हिवाळाभर काट्याने ओढून गव्हाणींपर्यंत पोचवायचं. विल्यम डेमिंग आणि डॅनियल गुडरिच या हॅनकॉकच्या दोन शेकरांनी हा सगळा खटाटोप वर्तुळात बसवला.

त्यांनी मधोमध गवताची प्रचंड गंजी धरली, जमिनीपासून थेट छपरापर्यंत. तिच्या भोवती खालच्या मजल्यावर गायींची गोल दावण, तोंडं मध्याकडे. गायींच्या डोक्यावर, भिंतीला लागून, गाड्यांसाठी गोल फिरणारा लाकडी रस्ता. बाहेरून मातीचा चढ बांधून गाडी थेट या वरच्या मजल्यावर येई, फेरी मारत पुढे जाई, गवत मधल्या खड्ड्यात खाली लोटलं जाई, आणि गाडी पूर्ण प्रदक्षिणा घालून आली त्याच दारातून बाहेर पडे. भरलेली गाडी मागे सरकवण्याची वेळच येत नसे. घोड्याला उलटं चालवणं काय असतं ते गाडीवानालाच माहीत! एका वेळी आठ-दहा गाड्या या फेऱ्यात उभ्या राहून रिकाम्या होऊ शकत. गवत वर चढवायची गरज नव्हती, ते आपल्या वजनाने खाली पडे. हिवाळ्यात चारा घालणारा माणूस गंजी आणि गायी यांच्यामधल्या वाटेवर उभा राही आणि डावी-उजवीकडे वैरण टाकत एक फेरी पूर्ण करी. गंजीच्या पोटातून हवा खेळती राहावी म्हणून मध्यभागी उभा लाकडी झरोका काढलेला होता.

गोल भिंतीत आणखी एक हिशेब दडलेला आहे. २७० फूट लांबीची भिंत चौकोनात उभी केली तर आत साधारण साडेचार हजार चौरस फूट जागा मिळते. तीच वर्तुळात फिरवली तर सुमारे पाच हजार आठशे. म्हणजे तेवढ्याच दगडात सव्वापट जागा. खर्च तरी दहा हजार डॉलर आल्याचं सांगितलं जातं, आणि त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला असा गोठा परवडलाच नसता. शंभर माणसांची सामाईक तिजोरी, सामाईक कळप आणि फुकट हात असतील तिथेच तो उभा राहू शकत होता.

गोल गोठ्यांबद्दल अमेरिकेत एक दंतकथा चालत आलेली आहे: सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून ते गोल बांधले. शेकरांसारख्या पापभीरू मंडळींना ती सहज चिकटली. पण या पंथाने बांधलेल्या सगळ्या गोठ्यांत गोल असलेला हा एकच आहे. बाकी सगळ्यांना चांगले चार-चार कोपरे आहेत, आणि सैतानाला हॅनकॉकहून त्या वस्त्या काही लांब नव्हत्या. उलट १८४५ च्या पंथ-नियमांत विचित्र आणि मनाला वाटेल तशा धाटणीची बांधकामं वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून करू नयेत, असं बजावलेलं आढळतं. डेमिंग आणि गुडरिच यांनी वीस वर्षं उशीर केला असता तर नकाशा कदाचित खोलीबाहेर पडलाच नसता.

गोलाकार गोठ्याची कल्पना मात्र त्यांच्या आधीही एका प्रसिद्ध शेतकऱ्याला सुचली होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० च्या दशकात, राष्ट्राध्यक्ष असताना, व्हर्जिनियातल्या आपल्या शेतावर सोळा बाजूंचं मळणीघर बांधवलं. वरच्या लाकडी जमिनीवर घोडे गोल फिरून गहू तुडवत आणि फळ्यांमधल्या फटींतून दाणे खालच्या मजल्यावर पडत. तिवड्याभोवती पात धरणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यात घोड्यांखेरीज फार नवं वाटलं नसतं. पाऊस आला तरी मळणी थांबणार नाही, एवढीच काय ती सोय. वॉशिंग्टन यांच्या शेतावरचे हात गुलामांचे होते, शेकरांचे स्वतःचे. दोन्ही इमारतींमधलं हे अंतर भूमितीत दिसत नाही.

हॅनकॉकचा गोठा लवकरच पाहण्यासारखं ठिकाण झाला. एरवी शेकरांकडे लोक त्यांचा प्रार्थनेतला नाच बघायला येत, आता गायी बघायलाही येऊ लागले. सगळ्यांचं मत चांगलं होतं असं नाही. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये शेजारच्या न्यू लेबनन वस्तीत आला आणि तिथलं वातावरण त्याला इतकं उदास वाटलं की प्रवासवर्णनात त्याने शेकरांना चांगलंच सोललं. १८५१ च्या ऑगस्टमध्ये नथॅनियल हॉथॉर्न हॅनकॉकला आला, सोबत हर्मन मेलव्हिल. मेलव्हिल तेव्हा पिट्सफील्डजवळच राहत होता आणि ‘मोबी डिक’ त्याच वर्षी छापून आली. तिच्यातला स्वतःला देवदूत म्हणवणारा वेडा खलाशी शेकरांमध्ये वाढलेला दाखवला आहे. हॉथॉर्नने राहती घरं पाहिली आणि अरुंद पलंगांवरून, हातपाय धुण्याच्या अपुऱ्या सोयींवरून आपल्या रोजनिशीत नाक मुरडलं. तिकडे युरोपात तरुण फ्रीडरिश एंगल्सने १८४५ मध्ये, सामाईक मालकी प्रत्यक्षात चालते याचा पुरावा म्हणून शेकर वस्त्यांकडे बोट दाखवलं. धर्माशिवाय त्या चालल्या असत्या का, या प्रश्नात तो फारसा अडकला नाही.

१८६४ मध्ये गोठ्याला आग लागली. सुकं गवत भरलेल्या लाकडी सांगाड्याचं जे व्हायचं ते झालं: आतलं सगळं आणि छप्पर जळून गेलं, दगडी भिंत उभी राहिली.

शेकरांनी तो पुन्हा उभा केला, आणि पुढच्या दशकात तो जुन्यापेक्षा चांगला झाला. मूळच्या छपराच्या जागी भिंतीवर बारा बाजूंचा खिडक्यांचा मजला आला, त्यावर छोटा मनोरा. आतला अंधार गेला, गवताची वाफ वरच्या वर निघून जाऊ लागली. गायींच्या मजल्याखाली खताचा तळमजला काढला गेला. दावणीमागच्या झडपा उघडल्या की शेण सरळ खाली पडे आणि तिथून गाडीत भरून शेतावर जाई. गवत वरून येई, मधल्या मजल्यावर त्याचं दूध होई, उरलेलं खालून बाहेर पडून पुन्हा गवताच्या मुळाशी जाई. लोणी आणि चीज करण्याचं काम बहिणींकडे होतं.

सुधारणा झाली, पण माणसं कमी होत चालली होती. हा विरोधाभास शेकरांच्या सगळ्याच वस्त्यांत दिसतो. देशभरात त्यांची संख्या शतकाच्या मध्याला काही हजारांपर्यंत गेली होती; यादवी युद्धानंतर ती ओसरू लागली. ब्रह्मचारी पंथात नवी माणसं बाहेरूनच यावी लागतात. पूर्वी ती दोन वाटांनी येत: धर्मजागरणाच्या लाटेत घरंच्या घरं येत, आणि अनाथ किंवा गरिबांची मुलं वस्तीत सोपवली जात. धर्माच्या लाटा ओसरल्या. मुलांसाठी अनाथालयं निघाली, आणि वस्तीत वाढलेली मुलं वयात आली की कारखान्यांची आणि पश्चिमेच्या जमिनीची वाट धरू लागली. तरुण पुरुष आधी गेले, बहिणी मागे राहिल्या. हातांनी भरलेल्या परिवारासाठी आखलेल्या गोठ्यात हळूहळू पगारी गडी दिसू लागले. सामाईक श्रमाच्या जिवावर उभ्या राहिलेल्या इमारतीत मजुरीचा हिशेब शिरला.

नेमक्या त्याच काळात बाहेरच्या जगाला गोल गोठ्याचं वेड लागलं. आधी अष्टकोनी, मग पूर्ण गोल. १८८९ च्या सुमाराला विस्कॉन्सिनमधले कृषिशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांनी मधोमध मुरघासाचा उभा हौद ठेवून भोवती गायी बांधण्याचा आराखडा केला. शेकरांची गवताची गंजी काढून तिथे हौद बसवला की हा आराखडा तयार होतो. इलिनॉय विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या शेतावर असे गोठे बांधले आणि १९१० मध्ये दुधाच्या धंद्यासाठी ते कसे किफायतशीर आहेत, हे सांगणारी पुस्तिका काढली. मध्य-पश्चिमेत शेकडोंनी गोल गोठे उभे राहिले. वीस-पंचवीस वर्षांत हे वेड उतरलं. वीज आणि ट्रॅक्टर आले, यंत्रं सरळ रेषेत चालणारी निघाली. चौकोनी गोठा एका बाजूने हवा तेवढा वाढवता येतो. वर्तुळाला वाढवायचं तर ते मोडावं लागतं.

हॅनकॉकमध्ये वाढवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. १९२३ मध्ये पिट्सफील्डचे एडवर्ड आणि फेथ अँड्र्यूज हे जोडपं तिथे पाव विकत घ्यायला थांबलं आणि स्वयंपाकघरातल्या साध्या, सरळ लाकडी सामानाकडे पाहतच राहिलं. त्यांनी पुढे आयुष्यभर शेकर वस्तू गोळा केल्या, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. ज्या खुर्च्या शेकरांनी बसण्यासाठी केल्या होत्या त्या आता भिंतीपाशी दोरी लावून ठेवल्या जाऊ लागल्या. गोठ्याकडे मात्र कुणी लक्ष देत नव्हतं. भिंतींना भेगा पडत होत्या.

१९६० मध्ये शेकर नेतृत्वाने हॅनकॉकची वस्ती बंद केली. एमी बेस मिलर यांच्या पुढाकाराने पिट्सफील्डमधल्या लोकांच्या एका गटाने इमारती आणि भोवतालची शेकडो एकर जमीन सव्वा लाख डॉलरला घेतली आणि तिथे संग्रहालय केलं. १९६८ मध्ये गोठ्याची मोठी दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षी वस्तीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

ही दुरुस्ती झाली नसती तर काय झालं असतं, हे पाहायला डोंगर ओलांडून पलीकडे जावं लागतं. न्यू लेबननच्या शेकरांनी १८५९ मध्ये एक दगडी गोठा बांधला होता, चौकोनी आणि सुमारे १९६ फूट लांब. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या दगडी गोठ्यांत त्याची गणना होई. त्यातही गवताच्या गाड्या वरच्या मजल्यावर येत आणि खत तळाशी उतरे. वर्तुळ सोडून हॅनकॉकची सगळी अक्कल त्यात होती. १९७२ मध्ये तो जळाला. आज तिथे छप्पर नसलेल्या चार भिंती आहेत, टेकू देऊन उभ्या ठेवलेल्या.

मेन राज्यातल्या सॅबथडे लेक इथे शेकरांची शेवटची वस्ती अजून चालू आहे; तिथली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. हॅनकॉकच्या गोल गोठ्यात आता बावन्न गायी नसतात. गाड्यांच्या लाकडी रस्त्यावरून पर्यटक फिरतात आणि वाकून खालच्या रिकाम्या गव्हाणींकडे बघतात. वसंत ऋतूत मात्र संग्रहालय तिथे नुकती जन्मलेली जनावरं आणून ठेवतं: कोकरं, करडं, वासरं, डुकराची पिल्लं. आसपासच्या गावांतले आईबाप आपल्या मुलांना घेऊन येतात. त्या दिवसांत ब्रह्मचाऱ्यांच्या या गोठ्यात पाय ठेवायला जागा नसते.